अडतिसाव्या वर्षी मायलोमा: रिपोर्टवरच्या ‘स्टेज ३’ला किती मानायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३८ वर्षांच्या धाकट्या भावाला मल्टिपल मायलोमा (हाडांच्या मगजातल्या, म्हणजे बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) निघालाय. रिपोर्टवर ‘आयएसएस स्टेज ३’ लिहिलंय. नेटवर शोधल्यावर स्टेज ३ ला २९ महिने असा आकडा दिसला. मग खास तरुण रुग्णांसाठी केलेल्या एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये वय, लिंग वगैरे भरलं, तर पाच वर्षं जगण्याची शक्यता बरीच चांगली आली. यातलं खरं कोणतं, आणि वय कमी असल्याचा फायदा धरायचा की नाही? सोबत दिलेले आकडे: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ७.८, अल्ब्युमिन ३.४, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) ३.१, एलडीएच (पेशींची मोडतोड दाखवणारं रक्तातलं एन्झाइम) नॉर्मल. फिश तपासणीत (पेशींच्या गुणसूत्रांतले बदल शोधणारी तपासणी) टी(११;१४), म्हणजे गुणसूत्र ११ आणि १४ च्या तुकड्यांची अदलाबदल, सापडलंय, बाकी काही नाही.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. दोन्ही आकडे तुमच्या भावाला लागू होत नाहीत. पहिला जुन्या उपचारांच्या काळातला आहे, आणि दुसऱ्यात त्याच्या आजाराबद्दल जवळपास काहीच विचारलेलं नाही. त्याच्या कागदांवरून मला दिसतं ते असं: जनुकीय बाजूने आत्तापर्यंत फारसं वाईट काही हाती आलेलं नाही, किडनीची बाजू मात्र तातडीची आहे, आणि दूरचा अंदाज बांधायला आणखी काही महिने जावे लागतील. डॉक्टर टाळाटाळ करतायत असं यावरून समजू नका. तरुण मायलोमा रुग्णाच्या बाबतीत पहिल्या दिवसाचा अंदाज खरोखरच कच्चा असतो.

२९ महिने आले कुठून, ते बघू. आयएसएस (इंटरनॅशनल स्टेजिंग सिस्टिम) ही पद्धत २००५ मध्ये आली. त्याआधी १९७५ पासून ड्युरी-सॅल्मन पद्धत होती. तिच्यात हिमोग्लोबिन, कॅल्शियम, हाडांचे एक्स-रे, एम-प्रोटीन (मायलोमाच्या पेशी बनवतात ते प्रथिन) असं बरंच काही बघून स्टेज ठरायची, आणि हाडांवरची छिद्रं मोजण्यात दोन डॉक्टरांचं एकमत होणं अवघड जायचं. आयएसएसने सगळं दोन रक्तचाचण्यांवर आणलं. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ३.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली आणि अल्ब्युमिन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल तर स्टेज १. बीटा-२ ५.५ किंवा त्याहून वर असेल तर स्टेज ३. उरलेले सगळे स्टेज २. यासाठी १०,७५० रुग्णांची माहिती गोळा केली होती, आणि मध्यम आयुर्मान निघालं अनुक्रमे ६२, ४४ आणि २९ महिने.

आता उपचारांच्या तारखा बघा. मायलोमात थॅलिडोमाइड चालतं हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. बोर्टेझोमिबला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००३ मध्ये, लेनालिडोमाइडला मायलोमासाठी २००६ मध्ये, डाराटुमुमॅबला २०१५ मध्ये. म्हणजे ज्या लोकांवरून ते २९ महिने काढले, त्यांच्यातल्या बहुतेकांना आज पहिल्याच महिन्यात दिली जाणारी औषधं मिळालीच नव्हती. स्टेज १ चा रुग्ण स्टेज ३ पेक्षा साधारणपणे बरा जातो, हा क्रम आजही टिकून आहे. महिने मात्र शिळे झालेत. शिवाय तो मध्यम आकडा आहे, म्हणजे त्या काळातही स्टेज ३ मधले निम्मे लोक त्यापेक्षा जास्त जगले, काही तर बरेच जास्त.

तुमच्या भावाच्या बाबतीत महिन्यांपेक्षाही मोठी अडचण किडनीची आहे. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे जवळपास सगळ्या पेशींच्या पृष्ठभागावर असणारं छोटं प्रथिन आहे. ते रक्तात येतं आणि किडनीतून बाहेर टाकलं जातं. त्यामुळे ते दोन कारणांनी वाढतं: आजाराचा भार जास्त असेल तर, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर. क्रिएटिनिन ३.१ असलेल्या माणसाच्या ७.८ मधलं किती आजाराचं आणि किती किडनीचं, हे वेगळं काढायची सोय नाही. मायलोमातल्या फ्री लाइट चेन (प्लाझ्मा पेशी सोडतात ते अँटिबॉडीचे सुटे तुकडे) किडनीच्या नलिकांमध्ये साचून त्या तुंबवतात. रक्तात त्यांचं प्रमाण ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असलं की हा प्रकार प्रामुख्याने दिसतो. अशा वेळी मॅरोमधला आजार मध्यम असला तरी रुग्ण थेट स्टेज ३ मध्ये जाऊन बसतो.

हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांना आधीपासून खटकत होतं. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा तज्ज्ञांनी ‘हाय-रिस्क’ची नवी व्याख्या एकमताने मांडली, आणि तिच्यात हे स्वच्छ शब्दांत आलं: बीटा-२ ५.५ किंवा जास्त असणं हाय-रिस्कमध्ये धरायचं, पण क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे १.२ च्या खाली असेल तरच. तुमच्या भावाचं क्रिएटिनिन ३.१ आहे, त्यामुळे त्याला हा निकष लागू होत नाही.

म्हणून किडनीकडे दुर्लक्ष करा असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. किडनीचा धोका वेगळा आहे आणि तो आत्ताचा आहे. पहिल्या काही महिन्यांत मायलोमाचा रुग्ण दगावतो तो बहुतेकदा जंतुसंसर्गाने किंवा किडनी निकामी होऊन. तरुणांत हे कमी घडतं, पण घडतं. लाइट चेन किती लवकर खाली येतात, यावर किडनी किती सावरेल ते बरंचसं अवलंबून असतं. म्हणून उपचार एक आठवडाही लांबवू नका. दुसरं मत घ्यायचं असेल तर उपचार चालू ठेवून घ्या. दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या (आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक) पूर्ण बंद. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून द्यायचा डाय असेल तर आधी विचारून घ्या.

आता एक तुलना करतो, म्हणजे ‘स्टेज’ या शब्दावर किती भिस्त ठेवायची ते कळेल. दुसरा एक काल्पनिक रुग्ण घ्या. वय ३६. बीटा-२ २.९, अल्ब्युमिन ४.१, क्रिएटिनिन ०.९, एलडीएच नॉर्मल. हिमोग्लोबिन जरासं कमी, मणक्यात एक फ्रॅक्चर, तेवढंच. फिशमध्ये मात्र टी(४;१४) आहे आणि त्याच्या जोडीला १क्यू ची (गुणसूत्र १ च्या लांब बाजूची) जादा प्रत. आयएसएसने हा स्टेज १, तुमचा भाऊ स्टेज ३. कागद बघून कोणीही म्हणेल की याचं बरं आहे.

२०१५ ची सुधारित पद्धत, आर-आयएसएस, लावू. तिच्यात एलडीएच आणि तीन जनुकीय बदल आले: डेल(१७पी) (गुणसूत्र १७ चा तुकडा गळणं), टी(४;१४), टी(१४;१६). स्टेज ३ साठी आयएसएस ३ हवंच, आणि त्यासोबत एलडीएच वाढलेलं किंवा यातला एखादा बदल हवा. तुमच्या भावाकडे यातलं काही नाही, म्हणून तो स्टेज २. ३६ वर्षांचा रुग्ण टी(४;१४) मुळे स्टेज १ मधून निघून तोही स्टेज २. या पद्धतीत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८२, ६२ आणि ४० टक्के असं होतं. पण ज्या रुग्णांवर ती बेतली त्यांतले ६२ टक्के मधल्या गटात पडले होते. इतके भिन्न लोक एका गटात कोंबले की त्या गटाच्या आकड्याला वजन उरत नाही.

मग २०२२ मध्ये आर-टू-आयएसएस आली. ही १०,८४३ रुग्णांवरून केलेली गुणांची पद्धत आहे. आयएसएस २ ला १ गुण, आयएसएस ३ ला दीड, डेल(१७पी) ला १, टी(४;१४) ला १, वाढलेल्या एलडीएचला १, आणि १क्यू च्या जादा प्रतीला अर्धा. तुमच्या भावाचे होतात दीड गुण. त्या दुसऱ्या रुग्णाचे टी(४;१४) चा १ आणि १क्यू चा अर्धा मिळून पुन्हा दीडच. दोघंही ‘मध्यम-उच्च’ गटात, जिथे मध्यम आयुर्मान साधारण ६८ महिने निघालं होतं.

आणि २०२५ च्या व्याख्येत हेच दोघं पार उलट्या बाजूंना जातात. टी(४;१४) सोबत १क्यू ची जादा प्रत असेल तर तो हाय-रिस्क. त्यामुळे ‘स्टेज १’ वाला ३६ वर्षांचा रुग्ण हाय-रिस्क ठरतो, आणि तुमचा ‘स्टेज ३’ वाला भाऊ आत्ताच्या माहितीप्रमाणे ठरत नाही. चार पद्धती लावल्या, तर एकीत तुमचा भाऊ जास्त वाईट, दोनांत दोघं सारखे आणि एकीत दुसरा जास्त वाईट. तरुण रुग्णांत मला चौथीचा कौल सर्वांत पटतो. कारण साधं आहे. किडनी सावरू शकते, अल्ब्युमिन वर येतं, पण पेशींच्या आतली जनुकीय घडण औषधांनी बदलत नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं डोळ्यांसमोर असतात तेव्हा तीच जास्त बोलते.

इथे एक ‘पण’ आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘बाकी काही नाही’ असं तुम्ही लिहिलंय. ते खरंच तपासून नाही, की तपासलंच नाही?

फिश तपासणीचा रिपोर्ट कसा वाचायचा, हे रुग्णांच्या घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. पहिली गोष्ट: बोन मॅरोच्या नमुन्यात प्लाझ्मा पेशींखेरीज इतर पेशी भरपूर असतात. प्लाझ्मा पेशी वेगळ्या न काढता तपासणी केली, तर दोनशे पेशी मोजल्या तरी त्यांतल्या मोजक्याच कामाच्या असतात, आणि असलेला दोष निसटतो. म्हणून रिपोर्टवर ‘सीडी१३८ पेशी निवडून’ (सीडी१३८ ही प्लाझ्मा पेशींवरची खूण) अशा अर्थाची नोंद आहे का ते बघा. दुसरी: मॅरो ओढताना पहिला झटका सर्वांत दाट असतो. तो इतर तपासण्यांना गेला आणि फिशला तिसरा-चौथा मिळाला, तर त्यात रक्तच जास्त असतं. तिसरी: कोणकोणते प्रोब (एकेक बदल शोधणारे रेणू) लावले, त्यांची यादी. बऱ्याच ठिकाणी अजूनही डेल(१७पी), टी(४;१४), टी(१४;१६), टी(११;१४) एवढंच पॅनल असतं. १क्यू आणि १पी३२ (गुणसूत्र १ च्या आखूड बाजूचा भाग) तपासलेच नसतील तर नव्या व्याख्येचा अर्धा भाग कोराच राहतो. १पी३२ च्या दोन्ही प्रती गेलेल्या असणं, किंवा एक गेलेली असून सोबत १क्यू ची जादा प्रत असणं, हे हाय-रिस्क आहे. टी(११;१४) असलेल्या रुग्णात १क्यू चा बदल असू शकतो, एक सापडला म्हणून दुसरा नाही असं नसतं.

चौथी गोष्ट टक्केवारीची. डेल(१७पी) ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागत नाही. किती टक्के प्लाझ्मा पेशींत आहे ते हवं. नवी व्याख्या २० टक्क्यांहून जास्त पेशींत असेल तरच हाय-रिस्क धरते. त्याच जागी टीपी५३ हे जनुक असतं. त्यात म्युटेशन असेल तर तेही हाय-रिस्क, आणि ते फिशमध्ये दिसत नाही, त्यासाठी सिक्वेन्सिंग लागतं. एक प्रत गळालेली आणि उरलेली बिघडलेली, असं दोन्ही असेल तर तो आजार फारच आडमुठा असतो. आणि साधा कॅरिओटाइप (सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला गुणसूत्रांचा आराखडा) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. प्लाझ्मा पेशी प्रयोगशाळेत सहजी विभाजित होत नाहीत, त्यामुळे तो रिपोर्ट पुष्कळदा नुसता निरोगी पेशींचा असतो.

आता वयाचं. ‘तरुण’ म्हणजे कोण, यावरच एकमत नाही. कुठे ४० च्या आतले, कुठे ५० च्या, आणि ट्रान्सप्लांटच्या (मेल्फालान या केमोच्या मोठ्या डोसनंतर रुग्णाच्याच मूळपेशी परत देण्याच्या) जुन्या अभ्यासांत तर ६५ च्या आतले सगळेच तरुण. अमेरिकेसारख्या देशांत मायलोमाचं निदान होण्याचं मध्यम वय सत्तरीच्या आसपास आहे, आणि ४० च्या आतले रुग्ण शंभरात जेमतेम दोन. त्यामुळे मोठ्या अभ्यासांतही तुमच्या भावासारखे रुग्ण मूठभर असतात.

तरीही काही माहिती आहे. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा गटाने १०,५४९ रुग्णांचा आढावा घेतला, त्यात १,६८९ जण पन्नाशीच्या आतले होते. त्यांचं मध्यम आयुर्मान ५.२ वर्षं होतं, पन्नास आणि त्यावरच्यांचं ३.७. उपचार जुने होते, पण फरक स्पष्ट होता. फ्रान्समध्ये ४० च्या आत निदान झालेल्या २१४ रुग्णांचा आढावा २०२१ मध्ये आला. जवळपास सगळ्यांना ट्रान्सप्लांट मिळालं होतं, आणि मध्यम आयुर्मान साधारण साडेचौदा वर्षं निघालं. हा आकडा २९ महिन्यांच्या शेजारी ठेवून बघा. त्याच अभ्यासात पहिल्या उपचारानंतर आजार उलटेपर्यंतचा मध्यम काळ मात्र साडेतीन वर्षांच्या जवळपासच होता. म्हणजे तरुणांनाही आजार सोडत नाही. तो उलटतो, पुन्हा आटोक्यात आणला जातो, पुन्हा उलटतो, आणि हे झेलायला तरुण शरीर जास्त वेळा तयार असतं.

वयाचा फायदा आहे तो इथे. तरुणांना निदानाच्या वेळी सहसा कमी स्टेज असते, हृदय-फुफ्फुसं धड असतात, मेल्फालानचा पूर्ण डोस सोसतो, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचे उपचार अर्धवट सोडावे लागत नाहीत. पण आजार स्वतः मवाळ असतो असा त्याचा अर्थ नाही. टी(४;१४) तर वय वाढतं तसं कमी आढळतं, म्हणजे तरुणांत ते थोडं जास्तच. डेल(१७पी) चं प्रमाण वयानुसार जवळपास हलत नाही. ‘तरुण आहे, निभावेल’ या वाक्यातलं निभावणं शरीराचं आहे, आजाराच्या स्वभावाबद्दल ते काही सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांत लपते. पंच्याहत्तर वर्षांच्या मायलोमा रुग्णाला हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया असे इतर धोकेही असतात, म्हणून ज्येष्ठांसाठी शारीरिक दुर्बलता मोजणारे वेगळे स्कोअर आहेत. ३८ व्या वर्षी या इतर धोक्यांचा वाटा नगण्य. त्याच्यापुढचा जवळपास सगळा धोका मायलोमाचा किंवा त्याच्या उपचारांचा. त्यामुळे ज्येष्ठांशी तुलना केली तर तरुणांचे आकडे गोजिरे दिसतात. त्याच वयाच्या निरोगी माणसांशी तुलना केली तर सर्वांत जास्त आयुष्य तरुणांचंच हिरावलं जातं. आणि पाच वर्षं ही ३८ व्या वर्षी फारच आखूड पट्टी आहे. मला त्याच्या दहाव्या आणि पंधराव्या वर्षाची चिंता असते, आणि त्याबद्दल आजच्या औषधांवरचे आकडे अजून पुरते तयारच झालेले नाहीत, कारण तेवढा काळ गेलेला नाही.

यावरून त्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरकडे येतो. ‘तरुण मायलोमा रुग्णांसाठी’ म्हणून जे नोमोग्राम (माहिती भरून शक्यता काढायचे तक्ते) प्रसिद्ध होतात, त्यांतले पुष्कळ कर्करोग नोंदणीच्या मोठ्या साठ्यांवरून केलेले असतात. अमेरिकेची सीर नोंदणी त्यासाठी बरीच वापरली जाते. रुग्णसंख्या मोठी मिळते हे खरं. पण त्यावरून केलेल्या बहुतेक मॉडेलांत तुम्हाला हवं ते जवळपास काहीच नसतं: फिश नाही, बीटा-२ नाही, क्रिएटिनिन नाही, उपचाराला प्रतिसाद कसा होता ते नाही. मग असतं काय? वय, लिंग, वंश, वैवाहिक स्थिती, निदानाचं वर्ष, केमो घेतली की नाही. विवाहित रुग्ण जास्त जगतात असं त्यात निघतं. असेल. घरी काळजी घेणारं माणूस आणि पैशाचा आधार यांचा तो परिणाम असावा. पण त्यावरून एका विशिष्ट माणसाच्या प्लाझ्मा पेशींबद्दल काही कळत नाही. टी(४;१४) वाला तो काल्पनिक रुग्ण आणि तुमचा भाऊ, दोघांनाही हे कॅल्क्युलेटर जवळपास एकच उत्तर देईल.

त्यात आणखी एक खोच असते. ‘ट्रान्सप्लांट घेतलेले जास्त जगतात’ असं नोंदणीवरून काढलं तर ते फुगीर निघतं. ट्रान्सप्लांट व्हायला निदानानंतर साधारण सहा महिने तरी जगावं लागतं, आणि आजाराने औषधांना दादही द्यावी लागते. पहिल्या चार महिन्यांत जे गेले, ते आपोआप ‘ट्रान्सप्लांट न घेतलेल्यां’त मोजले जातात. हा दोष हिशोबात धरायच्या रीती आहेत, पण प्रत्येक लेखात त्या पाळलेल्या नसतात. आणि अशा लेखांत मिरवला जाणारा सी-इंडेक्स फक्त एवढंच सांगतो की दोन रुग्णांपैकी आधी कोण जाईल हे मॉडेल किती वेळा बरोबर ओळखतं. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक. समजा पडद्यावर ‘७४ टक्के’ असं उत्तर आलं, तर ते खरोखर ७४ च्या आसपास आहे का, हे वेगळं तपासावं लागतं, तेही दुसऱ्या ठिकाणच्या, नव्या काळातल्या रुग्णांवर. मी ही कॅल्क्युलेटरं ओपीडीत वापरत नाही. आरोग्यसेवेचं नियोजन करणाऱ्यांना त्यांचा उपयोग होत असेल, खाटेवरच्या माणसाला नाही.

मग तुमच्या भावाचा अंदाज पक्का कधी होईल? टप्प्याटप्प्याने. पहिल्या महिन्यातच लाइट चेन किती उतरल्या आणि क्रिएटिनिन कुठे आलं, ते बघायचं. ३.१ वरून दीडवर आलं तर दूरचं चित्र लक्षणीय सुधारतं, आणि ट्रान्सप्लांटच्या वेळी मेल्फालानचा डोसही नीट देता येतो. औषधांच्या चार ते सहा सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) प्रतिसाद किती खोल आहे, ते बघायचं. ट्रान्सप्लांटनंतर साधारण तीन महिन्यांनी मॅरोची तपासणी आणि एमआरडी (उरलासुरला आजार शोधणारी सूक्ष्म तपासणी): एक लाख पेशींत एकही मायलोमाची पेशी सापडत नाही, इतक्या खोलवर बघायचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांच्या सल्लागार समितीने मायलोमाच्या औषध चाचण्यांत एमआरडी हा लवकर मिळणारा निकष म्हणून धरायला १२-० असा कौल दिला, यावरून त्याचं वजन लक्षात येईल. पण एकदा निगेटिव्ह येण्यापेक्षा वर्षभराच्या अंतराने पुन्हा निगेटिव्ह येण्याला जास्त किंमत आहे, विशेषतः हाय-रिस्क रुग्णांत. त्यांच्यात आजार झटकन नाहीसा होतो आणि तितक्याच झटकन परत येतो. उलट काही रुग्णांत थोडंसं एम-प्रोटीन शिल्लक राहतं आणि काही न करता वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ आलं नाही म्हणून घरात सुतक पाळायचं कारण नाही.

सर्वांत कडक परीक्षा पहिल्या दीड वर्षाची. चांगली औषधं आणि ट्रान्सप्लांट मिळूनही त्या काळात आजार उलटला, तर पहिल्या दिवशीचा स्कोअर काहीही असो, तो रुग्ण हाय-रिस्क. याउलट प्रत्येक निर्धोक वर्षागणिक पुढचा अंदाज सुधारत जातो, कारण सुरुवातीच्या आकड्यांत जे वाईट वळण मोजलेलं होतं ते टळलेलं असतं.

नव्या उपचारांनी किती फरक पडलाय, त्याची कल्पना यावी म्हणून दोन चाचण्या सांगतो. फ्रान्सच्या आयएफएम २००९ चाचणीत ६५ पर्यंतचे ७०० रुग्ण होते. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन सगळ्यांना, ट्रान्सप्लांट काहींना लगेच, काहींना आजार उलटल्यावर. आठ वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे ६० टक्के लोक हयात होते. त्यानंतरच्या पर्सियस चाचणीत त्याच तीन औषधांना डाराटुमुमॅबची जोड दिली, तर चार वर्षांनी आजार न उलटता जगणारे ८४ टक्के निघाले, जोड न दिलेल्या गटात ६८. शिवाय आता आजार उलटल्यावर कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देणं) आणि बायस्पेसिफिक अँटिबॉडी (टी-पेशींना मायलोमाच्या पेशींशी जोडणारी औषधं) आहेत, ज्या वरच्या कुठल्याही स्टेजच्या आकड्यांत जवळपास धरलेल्याच नाहीत.

दोन तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. एक, पूर्ण शरीराचा पेट-सीटी किंवा एमआरआय, हाडांबाहेर गाठी आहेत का ते बघायला. हाडाशी संबंध नसलेली, यकृतात किंवा स्नायूत असलेली गाठ स्कोअरमध्ये कुठेच येत नाही, पण ती असेल तर आजार बराच वेगळा वागतो. दुसरी, साध्या रक्तात फिरणाऱ्या प्लाझ्मा पेशी. ५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर निदानच बदलतं, ते प्लाझ्मा सेल ल्युकेमिया होतं. त्याहून कितीतरी कमी असल्या तरी फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून ओळखणाऱ्या तपासणीत) त्यांचं प्रमाण जितकं जास्त तितका आजार वाईट वागतो, हे अलीकडच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय.

आणि एक गोष्ट, जी जगण्याच्या अंदाजात कुठेच येत नाही पण ३८ व्या वर्षी विचारायलाच हवी. पुढे मूल हवं असेल तर शुक्राणू साठवण्याबद्दल आत्ताच बोला. सुरुवातीच्या औषधांपेक्षा ट्रान्सप्लांटच्या वेळचं मेल्फालान प्रजननक्षमतेला जास्त बाधतं, त्यामुळे तिथपर्यंत वेळ आहे असं वाटतं, पण उपचारांआधीचा नमुना केव्हाही सरस. लेनालिडोमाइड चालू असताना गर्भधारणा टाळणं सक्तीचं आहे. हे सगळं एक-दोन दिवसांत उरकतं, त्यासाठी मायलोमाचे उपचार थांबवायची गरज नाही.

या आठवड्यात करायचं काम एकच. फिशचा पूर्ण रिपोर्ट मागवा आणि प्रोबच्या यादीत १क्यू आणि १पी३२ आहेत का, पेशी निवडून घेतल्या होत्या का, ते बघा. नसतील तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा की साठवलेल्या पेशींवर हे आत्ता करता येईल का. बहुतेक प्रयोगशाळा काही काळ पेशी जपून ठेवतात. उपचाराच्या एक-दोन सायकल झाल्या की मॅरोत तपासायला पुरेशा प्लाझ्मा पेशीच उरत नाहीत, आणि मग ही माहिती आजार उलटेपर्यंत मिळत नाही.